कानामागचा रंग

शोकसभेत जे जे बोलले त्या सगळ्यांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या सुरात सांगितली. विजूताई चेहऱ्याला रंग असताना गेल्या, असं मरण यायला पुण्य लागतं. कुणी आवंढा गिळून सांगितलं, कुणी हात जोडून. एक गृहस्थ तर म्हणाले की त्यांनी शेवटच्या श्वासापर्यंत रंगदेवतेला आपला चेहरा वाहिला, आणि त्यावर टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या. मी शेवटच्या रांगेत होते. मला कुणी बोलायला सांगितलं नाही, आणि का सांगावं? मी त्यांच्या तोंडाला वाफ देणारी पार्लरवाली. पण विजूताईंना स्वतःला काय हवं होतं, हे त्यांच्या तोंडून ऐकलेलं त्या सभागृहात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. त्यांना रंग घेऊन जायचं नव्हतं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांना नको होती. तीच झाली, आणि तिच्यावर टाळ्या वाजत होत्या. म्हणून हे लिहिते आहे.

माझं पार्लर शनिवार पेठेत, एका इमारतीच्या तळमजल्यावर. मी हडपसरची, अजूनही रोज तिथून स्कूटरवर येते. ही जागा मी मालकाशी भांडून मिळवली आणि मिळाल्यावरही भांडण सोडलं नाही. माझा स्वभाव तापट आहे, याला साक्षीदार शोधावे लागणार नाहीत. घासाघीस तर माझ्या हाडात आहे. कोथिंबिरीच्या जुडीपासून खुर्च्यांच्या गादीपर्यंत सांगितलेल्या भावात मी कधी काही घेतलेलं नाही.

विजूताई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्या नाटकात काम करतात हे मला ठाऊक नव्हतं. साठीच्या आतबाहेरची, सावळी, सडसडीत बाई. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, कपाळ मोकळं. मला वाटलं, शाळेतून निवृत्त झालेल्या असतील. मी नेहमीसारखी सगळ्यात महागाच्या फेशियलपासून सुरुवात केली. त्यात सोन्याचा वर्ख असतो, असं निदान पाकिटावर लिहिलेलं असतं.

"सोनं गळ्यात घालतात," त्या म्हणाल्या. "तोंडाला कशाला?"

मी एक पायरी खाली आले आणि फळांच्या फेशियलचं सांगितलं. फळं मी खाते, म्हणाल्या. ब्लीचचं नाव काढल्यावर त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. शेवटी वैतागून मी विचारलं की मग तुम्हाला हवंय तरी काय. त्यांना हवी होती एक स्वच्छ खुर्ची, वाफ, कोमट पाणी आणि शांतता. दर विचारला. मी रागानं सोन्याच्या फेशियलचाच दर सांगितला. त्यांनी मान डोलावली. इतक्या सहज कुणी हो म्हटलं की मला आपणच फसल्यासारखं वाटतं.

"पण एक अट," त्या म्हणाल्या. "काम चालू असताना तोंड बंद."

"तुमचं की माझं?"

"दोघींचं. तुझं जास्त."

मग त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. त्यात खोबरेल तेलाची छोटी बाटली आणि जुन्या पातळाचे, उकळून वाळवलेले मऊ तुकडे, इस्त्री केल्यासारखे घडी घालून ठेवलेले. माझ्याकडचा कापूस, माझे ओले रुमाल, माझं क्रीम, काहीच नको. तेल आधी दोन तळव्यांत चोळायचं, कोमट झालं की चेहऱ्यावर ठेवायचं. ठेवायचं, चोळायचं नाही. मग तुकड्यानं खालून वर टिपून घ्यायचं. आणि शेवटी दोन्ही कान पुढे दुमडून कानामागून पुसायचं. पहिल्या दिवशी मी ते विसरले तर त्यांनी डोळे मिटलेले असतानाच माझं मनगट धरलं आणि माझी बोटं कानामागे नेली. तुकड्यावर पिवळट गुलाबी रंग आला. आदल्या दिवशी प्रयोग होता, रंग त्यांनी तिथेच रंगपटात उतरवला होता, तरी तेवढा राहिला होता.

"कानामागून आली आणि तिखट झाली," त्या म्हणाल्या. "ही म्हण रंगावरनंच निघाली असणार. समोरचा रंग सगळे पुसतात. हा राहतो, आणि दुसऱ्या दिवशी चुरचुरतो."

त्यांची त्वचा सुंदर नव्हती. नाटकातल्या सुरुवातीच्या दिवसांत स्वस्तातला सफेदा आणि लाली फासली, त्याची छिद्रं गालांवर कायमची उघडी राहिली होती. माझे गाल म्हणजे आंबोळी, असं त्या स्वतःच म्हणायच्या. टोपाची कड कपाळावर जिथे बसायची तिथे एक काळपट रेघ होती. पण ती त्वचा जिवंत होती. मी दिवसभर जी तोंडं हाताळते त्यांतली निम्मी आपल्या मालकिणीवर रुसलेली असतात. विजूताईंचा चेहरा त्यांच्यावर कधी रुसला नाही. चेहरा हा बैल आहे, असं त्यांचं मत होतं. प्रयोगाला जुंपायचा, मग मोकळा सोडायचा, वैरण घालायची आणि उगाच थोपटत बसायचं नाही.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी त्या भाकरी आणि पातळ मुगाचं वरण एवढंच खायच्या आणि झोपायच्या. त्या वेळी दारावर कुणीही आलं तरी दार उघडत नसत. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, गालात ज्येष्ठमधाची काडी, टाचांना तेल. सत्कार, उद्घाटनं, हळदीकुंकू, सगळ्याला नकार. मी एकदा म्हटलं की स्वतःचे बरेच लाड करता की तुम्ही. त्या म्हणाल्या, "लाड वेगळे, देखभाल वेगळी. लाड चारचौघांत करतात. देखभाल दार लावून करायची असते."

त्यांच्या नाटक कंपनीत त्यांना चिक्कू म्हणायचे. त्याचं कारण एक लिपस्टिक. नाटकात नवी आलेली एक मुलगी, मालिकांमुळे बऱ्यापैकी माहीत झालेली, प्रयोगाआधी घाईत त्यांची लिपस्टिक मागायला आली. विजूताईंनी उष्टी लिपस्टिक कधी घेतली नाही आणि दिली नाही. पण त्या नाही म्हणाल्या नाहीत. पिशवीतून भाजीची सुरी काढली, लिपस्टिकचा वरचा तुकडा कापला, कागदावर ठेवला आणि तिला दिला. मुलीला अपमान वाटला. दौऱ्याच्या बसमध्ये तो किस्सा नकलेसकट फिरला. पुढे त्याच मुलीच्या ओठांभोवती फोड उठले, कुणाकुणाचे ब्रश वापरून. तेव्हा विजूताईच तिला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आल्या, डॉक्टरकडे आधी जाऊन मग. खुर्चीत बसवलं आणि मला दटावलं की हिच्याशी बोलू नकोस, हिला रडायचंय.

ज्या नाटकामुळे लोक त्यांना ओळखायचे तो एक फार्स होता. त्यात त्या नखरेल सासू व्हायच्या. टोमॅटोसारखे गाल, एकमेकींना भिडलेल्या भुवया, हनुवटीवर रुपयाएवढा काळा तीळ. त्या रंगमंचावर आल्या की तो तीळ बघूनच लोक हसायला लागायचे. मला त्यांनी एका रविवारच्या दुपारच्या प्रयोगाचा पास दिला होता. मी हसून हसून दमले आणि नंतर भेटायला रंगपटात गेले. विजूताई आरशासमोर होत्या, तोंडावरचा रंग नुकताच उतरवलेला, हातात तेलाचा तुकडा. मला त्यांनी बोटानं स्टूल दाखवलं. चेहरा परत येईपर्यंत त्या कुणाशी बोलत नसत.

तेवढ्यात एक कुटुंब आत आलं, नवरा, बायको आणि तिची आई, फोन सरसावून. नवऱ्यानं सगळीकडे पाहिलं आणि विजूताईंनाच विचारलं, "अहो, त्या सासूबाई कुठायत? फोटो काढायचा होता."

"त्या गेल्या," विजूताई म्हणाल्या. "मी आहे. चालेल का?"

माणसं ओशाळली. फोटो न काढता, छान होतं हं नाटक, असं काहीतरी म्हणत निघून गेली. विजूताईंनी कान दुमडले, मागून पुसलं, तुकड्याची घडी घातली. मला राग आला होता, मी त्या माणसाला दारात गाठणार होते. त्या म्हणाल्या, बस गं, त्यांनी तिकीट तिच्या तोंडाचं काढलं होतं.

सोमवार हा त्यांचा उपासाचा दिवस. त्या दिवशी साबुदाणा खायच्या नाहीत, भाकरीच खायच्या. उपास चेहऱ्याचा असायचा. साबण नाही, तेल नाही, पावडर नाही, कुंकू नाही आणि मुख्य म्हणजे हावभाव नाहीत. सोमवारी मी कुणासाठी चेहरा करत नाही, म्हणायच्या. जिन्यात कुणी हसलं तर मान हलवायच्या, हसायच्या नाहीत. विनोद ऐकायच्या, भुवईसुद्धा उचलायच्या नाहीत. शेजारपाजारी त्यांना शिष्ट म्हणत. एकदा माझा जागामालक भाडं वाढवायचं बोलायला आला तेव्हा विजूताई नुसती वाफ घ्यायला माझ्या खुर्चीत होत्या. मी नेहमीसारखी पेटले. तो माझ्याशी भांडत होता, पण त्याची नजर सारखी त्यांच्याकडे जायची. त्या त्याच्याकडे बघत होत्या, चेहरा धुतलेल्या ताटासारखा. त्याचा आवाज हळूहळू उतरला. नंतर बघू, म्हणाला आणि गेला.

"काय केलंत तुम्ही?" मी विचारलं.

"काहीच नाही. आज सोमवार."

ते मी उचललं. बुधवार पेठेतल्या माझ्या घाऊक दुकानदाराकडे गेले, भाव विचारला आणि चेहऱ्याचा उपास धरला. ना राग, ना हव्यास, ना घाई. तो बिचारा आपणच बोलत राहिला आणि आपणच खाली येत राहिला. इतकी वर्षं मी आवाजावर जेवढं मिळवलं त्याहून जास्त त्या कोऱ्या तोंडानं मिळवून दिलं. विजूताईंना सांगितलं तेव्हा नेमका मंगळवार होता, म्हणून त्या हसल्या, पोट धरून.

एका सोमवारी मात्र त्यांचा उपास मोडला. त्यांच्या बरोबरीचे एक नट वारले होते. विजूताई अंत्यदर्शनाहून थेट माझ्याकडे आल्या आणि खुर्चीत बसल्या. कंपनीनं मृतदेहाला त्या नटाच्या गाजलेल्या भूमिकेची पगडी घातली होती आणि मिशी चिकटवली होती. विजूताईंची हनुवटी हलत होती. मी पार्लरचं दार आतून लावलं.

मग त्यांनी आईचं सांगितलं. वडील लवकर गेले, आईनं शिवणकाम करून दोन मुलींना वाढवलं. थोरलीनं नाटकात जायचं म्हटल्यावर आई रडली नाही, ओरडली नाही. तिनं एकच अट घातली, बाहेर काय व्हायचं ते हो, उंबऱ्याच्या आत माझी विजू आली पाहिजे. प्रयोगाहून लेक आली की आई दारात उभी राहायची, हनुवटी धरून तोंड दिव्याकडे वळवायची आणि म्हणायची, कान दाखव. कानामागे रंग दिसला तर लेकीनं बाहेरच्या नळावर जायचं, मग आत. आई कधी नाटकाला आली नाही. तिनं विजूताईंना रंगात एकदाही पाहिलं नाही.

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण मी एकदा विजूताईंना सोडायला घरी गेले होते तेव्हा पाहिलं होतं. दारासमोर त्या थांबल्या, कानामागून बोट फिरवलं, बोट उजेडात धरून बघितलं आणि मग कुलूप उघडलं. मला तेव्हा अर्थ लागला नव्हता.

"माझं काही झालं तर आधी तोंड धू माझं," त्या दिवशी खुर्चीत त्या म्हणाल्या. "वर आई आहे. रंगात तिनं मला बघितलेलंच नाही. ती ओळखणार कशी?"

मी म्हटलं, काहीतरीच काय बोलता. त्या म्हणाल्या, धू म्हणजे धू. मी बरं म्हटलं. माझ्या आयुष्यातला हा एकच व्यवहार मी घासाघीस न करता केला.

थंडीतला रविवार होता. दुपारच्या प्रयोगाच्या मध्यंतरात विजूताई विंगेत खाली बसल्या आणि उठल्या नाहीत. त्यांना तशाच, गालांसकट आणि तिळासकट, दवाखान्यात नेलं. मला कुणी कळवलं नाही. पार्लरवालीला कोण कळवणार? पहाटे त्या गेल्या. मला सकाळी कळलं ते फोनवर फिरणाऱ्या फोटोमुळे. फोटो सासूचा होता. वार सोमवार.

मी डबा घेतला. एक डबा त्या माझ्याकडेच ठेवत असत. नाट्यगृहावर पोचले तर त्यांना दर्शनी दालनात ठेवलं होतं. दवाखान्यातल्या नळ्यांमुळे ओठांभोवतीचा रंग गेला होता, तो कुणीतरी नीट भरून घेतला होता. गाल पुन्हा लाल. भुवया पुन्हा जोडलेल्या. तीळ तर हललाच नव्हता. नाकात कापूस, हनुवटीखालून डोक्यावरून बांधलेली पांढरी पट्टी, आणि मधे ती नखरेल सासू. रांगेतली एक बाई त्यांना बघून हसली. मुद्दाम नाही, सवयीनं. मग तोंडावर पदर घेऊन रडायला लागली.

कंपनीचे व्यवस्थापक नाना दाराशी होते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, मला चेहरा पुसायचाय.

"अहो मंगलताई, ओठ काळे पडलेत. असं दाखवायचं का लोकांना?"

"मग दाखवू नका. झाका."

"झाकून कसलं दर्शन?"

मी एक पायरी खाली आले. पूर्ण चेहरा नको, गाल पुसू द्या. नाही. बरं, भुवया. नाही. निदान तो तीळ.

"तीळच तर ओळख आहे त्यांची," नाना म्हणाले.

माझा हात उठला असता. पण मला तेव्हा भांडण नको होतं, चेहरा हवा होता. म्हणून मी उपास धरायला गेले. कोरं तोंड, रिकामे डोळे, जणू मला काहीच नकोय. आणि माझी हनुवटी थरथरायला लागली. नानांनी ते पाहिलं. समोरच्याची गरज दिसली की भाव चढतो, हे मला कुणी शिकवायला नको. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आपण सगळेच दुःखात आहोत म्हणाले आणि कॅमेरेवाल्यांकडे वळले.

तेव्हा मागे उभा असलेला एक माणूस पुढे आला. विजूताईंच्या बहिणीचा मुलगा, श्रीकांत, नाशिकहून नुकताच पोचलेला. काय झालं म्हणून त्यानं विचारलं. मी रागात होते, भराभरा सांगत सुटले. तोंड, आई, उंबरा, कान. कान म्हटल्यावर त्याचा हात स्वतःच्या कानामागे गेला.

"आजी आमचेही कान बघायची," तो म्हणाला. "खेळून आलो की."

नानांशी भांडायची त्याच्यात ताकद नव्हती. दालन कंपनीचं होतं, हारही कंपनीचे होते. तो एवढंच म्हणाला, "गाडीत बसा."

शववाहिनीत बायका बसत नाहीत, असं कुणीतरी म्हणालं. मी त्याच्याकडे बघितलं. पुन्हा म्हणाला नाही. दार लागलं. बाकावर श्रीकांत आणि आणखी दोघे. मी खाली टेकले, डबा उघडला, तर थंडीनं खोबरेल थिजलेलं. पांढरं, घट्ट. करंगळीनं उकरून काढलं आणि तळव्यात चोळत बसले. माझे हात गार होते, ते वितळेना. रस्ता फार लांबचा नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

"सावकाश घेऊ का?" चालकानं मागे न बघता विचारलं.

त्यानं नदीकाठचा लांबचा रस्ता घेतला. तेल वितळलं. मी ते ठेवलं, चोळलं नाही. आधी तीळ निघाला. मग गाल, खालून वर, रस्त्यात खड्डे आले की हात उचलून धरत. भुवया सुट्या झाल्या. ओठ नाना म्हणाले होते तसेच काळे होते. रंगाखालून त्यांच्या आंबोळीच्या गालांची छिद्रं वर आली, कपाळावरची टोपाची रेघ आली. कुणी बोललं नाही. काम चालू असताना तोंड बंद. सासू गेली आणि विजूताई आल्या, सोमवारच्या चेहऱ्यानं, कुणासाठी काहीही न करता.

उजवा कान दुमडून मी मागून पुसलं. तुकड्यावर पिवळट गुलाबी रंग आला. डाव्या कानावर पट्टीची गाठ होती. ती सोडली असती तर तोंड उघडलं असतं. मी बोट घालून बघितलं, गाठीखालून, हलक्या हातानं. बोट आत जाईना. पुन्हा बघत होते तेवढ्यात गाडी थांबली, दार उघडलं आणि माणसांनी त्यांना उचललं.

डावा कान राहिला.

पुण्य लागतं म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. मला एवढंच दिसतं की वर त्यांची आई दारात उभी आहे, लेकीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवते आहे. ती आधी कुठला कान बघायची, हे मी विजूताईंना कधी विचारलं नाही.